कार्ड चालेल

बसथांब्यासमोर सरकारमान्य दारूचं दुकान आहे. त्याच्या जाळीवर आज नवी पाटी दिसली, 'कार्ड चालेल'. चौथीपर्यंतच शिकले असले तरी एवढं मला वाचता येतं. एका माणसानं जाळीतून कार्ड आत दिलं, आकडे दाबले आणि बाटली घेऊन तो निघून गेला. खिसे चाचपायची वेळच आली नाही त्याच्यावर.

शेजारी बसलेली भाजीवाली शांताक्का म्हणाली, "आता डाळीच्या डब्यात काय लपवशील गं?"

मी हसले, पण नजर त्या पाटीवरच राहिली. आमच्या गल्लीतल्या बायका नोटा डाळीत नाहीतर गादीखाली लपवतात. नोट हाताला लागली नाही की माणूस दारात थबकतो, आणि थबकला की कधी कधी मागे फिरतो. आमचे हेही असेच कितीदा फिरलेत. पण माझा शिलाईचा पगार, ज्यावर आमची चूल पेटते, तो खात्यात जमा होतो. लोकांदेखत एटीएमच्या मशीनपुढे उभं राहायची मला लाज वाटते, म्हणून कार्ड यांच्याकडे असतं. त्याचा गुप्त आकडाही यांनाच ठाऊक.

बस आली, पण मी चढले नाही. घरी परतले, तर हे बाहेर पडायच्या तयारीत होते.

"अहो, कार्ड द्या."

"तुला कुठं जमतंय ते?"

"बँकेतल्या बाई शिकवतील. आकडाही बदलायचाय."

त्यांनी खिशातल्या कार्डावर हात ठेवला. मी हात पुढे केला होता, तो मागे घेतला नाही.