टोपलीत न टाकलेले हातमोजे

मुलांनो, या वयात मी दोनदा एसटीनं नेसरीला का गेले, असं तुम्ही विचारलंत. दमले आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

आपल्याकडे स्वयंपाकाला असलेली मावशी आता नेसरीत राहते आणि काजूच्या कारखान्यात बिया फोडते. टरफलातल्या तेलानं बायकांचे हात पोळतात, बोटं काळी पडतात. माल घेणाऱ्या परदेशी कंपनीचे लोक पाहणीला आले की सगळ्यांना हातमोजे मिळतात. संध्याकाळी ते गेटवरच्या टोपलीत परत टाकायचे.

बायकांनी सभा घेतली तर काम जातं. म्हणून संक्रांतीत मावशीनं घरी हळदीकुंकू ठेवलं. त्याला कोण अडवणार? ती विधवा, तरी तिनंच सगळ्यांना कुंकू लावलं. तिच्याबरोबर कारखान्यात जाणाऱ्या मुसलमान शेजारणीनं तिळगूळ वाटला. मी गेले होते दुभाषी म्हणून. एका कामगार संघटनेनं गाठ घालून दिली होती; फोनच्या पडद्यावर टांझानियातल्या बायका होत्या, त्याच कंपनीसाठी काजू फोडणाऱ्या. त्यांच्यातली एक इंग्रजीत म्हणाली, हातमोजे आम्हालाही पाहुण्यांपुरतेच मिळतात. तिनं पोळून काळा पडलेला तळवा कॅमेऱ्यासमोर धरला.

"अगं बाई, ह्यो तर माझाच हात हाय की!" मावशी ओरडली.

"तुझा असता तर गप बसला असता व्हय?" शेजारीण म्हणाली. "आत्तापातूर चार जणींच्या पाठीत धपाटा घातला असता!"

ठरलं असं, की पुढच्या पाहणीनंतर दोन्हीकडे कुणीही हातमोजे परत करायचे नाहीत.

तो दिवस आला. नेसरीतल्या बाकी सगळ्यांनी, शेजारणीनंही, भिऊन ते टोपलीत टाकले. मावशीनं टाकले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिला गेटवरच अडवलं. ते कळल्यावर मी गेले आणि तिच्याजवळ रस्त्याकडेला बसले. दुपारी जेवायच्या सुट्टीत बायका बाहेर आल्या आणि आमच्याभोवती बसल्या. आदल्या दिवशी भ्यालेल्याच त्या. मावशीला अडवल्याचं मी टांझानियाला कळवलं होतं; तिकडूनही फोटो आला, त्याही कारखान्याबाहेर बसल्या होत्या.

"उठा की आता, भोंगा झाला," मुकादम म्हणाला.

"पावणं, तुमीबी बसा," शेजारीण म्हणाली. "आत एकटं काय करताय?"

कुणीच उठलं नाही, तेव्हा संध्याकाळी मावशीला परत घेतलं. बाकीच्यांना हातमोजे अजून दिलेले नाहीत. कारखान्याचे साहेब ‘विचार करतो’ म्हणतात. तोवर मावशी एक मोजा स्वतः घालते, दुसरा शेजारणीला देते. दोघींचा एकेक हात वाचतो. दुसरा रोज पोळतो.