झाकलेला चहा

ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबाच्या कौन्सिलमध्ये गटारांचे उतार काढण्यात पद्माकर ठोसरांची सगळी नोकरी गेली. पाणी कुठून कुठे जाणार हे त्यांना नुसतं बघून कळायचं. बायकोच्या मनात काय चाललंय हे मात्र कळायचं नाही, कारण विचारायला जावं तेव्हा ती झोपलेली असायची.

चित्रलेखाबाई नर्स, आणि कायमच्या नाइट ड्यूटीवर. मुलगी मयूरा लहान होती तेव्हा तिला सांभाळायला इथे ना आजी, ना मावशी. म्हणून दोघांनी ठरवलं की पद्माकररावांनी दिवसा कामावर जायचं, बाईंनी रात्री. व्यवस्था उत्तम चालली. इतकी उत्तम, की मयूरा युनिव्हर्सिटीत गेली, नोकरीला लागली, लग्न करून मेलबर्नला ट्रुगानिनात राहायला गेली, तरी ती व्यवस्था बंद करायचं कुणालाच सुचलं नाही. सकाळी बाई घरी यायच्या तेव्हा पद्माकरराव आंघोळीला गेलेले असत. बाई चहा करत, आपला कप पिऊन त्यांच्या कपावर बशी झाकत आणि झोपायला जात. मग हे कोमट चहा पिऊन चोरपावलांनी बाहेर पडत. आवाज न करता दार लावण्यात अख्ख्या क्वीन्सलँडात त्यांचा हात धरणारा कोणी नसेल.

यंदा ते रिटायर झाले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं की घरात दिवसभर माणूस झोपलेलं असतं आणि आपल्याला साधा मिक्सर लावता येत नाही. तिनेही आता ड्यूटी सोडावी, असं त्यांना फार वाटू लागलं. पण विचारायचं कधी? मयूरा फोनवर म्हणाली, "डॅड, जस्ट टेक हर समव्हेअर."

म्हणून ही व्हॅन. विमानाने अ‍ॅलिस स्प्रिंग्जला जाऊन भाड्याने घेतलेली, मागे पलंग आणि शेगडी असलेली. वाळवंटातल्या लाल घळींची एकेक पार्कं बघत किंग्ज कॅन्यनपर्यंत जायचं, आणि व्हॅन परत करायच्या आत विचारून टाकायचं, असा बेत होता.

बेत पहिल्याच मुक्कामी फसला. घडीच्या खुर्चीत बसून अर्धी रात्र चांदण्या बघण्यात बाईंना काहीच अवघड नव्हतं, त्यांचं शरीर तेच शिकलं होतं. त्या झोपल्या तेव्हा यांना जाग आली. सरकत्या दाराचा आवाज होऊ नये म्हणून ते इंचाइंचाने उघडून पद्माकरराव एकटेच ऑर्मिस्टनच्या घळीत उतरले. दोन्ही बाजूंना लाल कडे, मधे गार पाणी. एवढा डोंगर पाण्याने कापला, आणि ना नकाशा, ना टेंडर! हा विनोद कुणाला तरी सांगावासा वाटला. समोर एक बगळा होता, पण त्याने काही उत्साह दाखवला नाही.

त्याच दिवशी आर्व्होला, म्हणजे दुपारी, बाई एकट्या जाऊन तीच घळ बघून आल्या.

"छान आहे ना?" पद्माकररावांनी विचारलं.

"हो. छान आहे."

दिवसभराचं बोलणं एवढंच. व्हॅनमध्ये ओट्यावर चहा होता, वर बशी.

पुढच्या कॅम्पवर शेजारी एक गोरं म्हातारं जोडपं होतं. तंबूच्या खुंट्यांवरून ती दोघं सकाळ-संध्याकाळ कडाकडा भांडत. पद्माकरराव खुर्ची त्या बाजूला वळवून बसले. त्यांना हेवा वाटत होता. एवढं बोलायला सुचतं कुठून? तो म्हातारा मात्र त्यांना म्हणाला की तुम्ही दोघं किती शांत असता, नशीबवान आहात. पद्माकररावांनी "नो वरीज" म्हटलं आणि खुर्ची परत सरळ केली.

किंग्ज कॅन्यनला मात्र त्यांनी हट्टाने बाईंना सकाळीच उठवलं. चढ छातीवर येणारा. वर पोचल्यावर दोघं कड्यापासून बेताने मागे, एका तापत चाललेल्या खडकावर बसली. खाली खोल घळ, माणूस नाही, वारा नाही. आता विचारलं नाही तर कधीच नाही.

"चित्रा," ते कुजबुजले, "आता पुरे कर ना नाइट ड्यूटी."

"इतकं हळू का बोलताय?" बाईसुद्धा कुजबुजल्याच. "इथे कोण झोपलंय?"

मग त्यांनी तेच मोठ्याने विचारलं. आपला आवाज त्यांना परक्यासारखा वाटला. बाई समोरच्या कड्याकडे बघत म्हणाल्या,

"अहो, वॉर्ड झोपला की मी रात्रभर तुमच्याशी बोलते. मनातल्या मनात. बारीकसारीक सगळं सांगते. तिथे तुम्ही छान बोलता माझ्याशी. समोर बसलात की मला काही सुचत नाही. ड्यूटी सोडली तर तेही बोलणं जाईल."

आपण तिथे काय बोलतो, असं पद्माकररावांनी घाबरत विचारलं.

"फार नाही. मधे मधे हसता."

त्यांनी हसून बघितलं. जमलं नाही. त्या दुसऱ्या, रात्रपाळीतल्या पद्माकरचा त्यांना शेजाऱ्यापेक्षाही जास्त हेवा वाटला.

परतीच्या वाटेवर समोरून क्वचित एखादी गाडी येई आणि ड्रायव्हर स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून ओळख दाखवी. पद्माकररावही बोट उचलत. त्या दिवशी त्यांचा जगाशी झालेला संवाद तेवढाच.

व्हॅन परत करायच्या सकाळी बाईंनी चहा ओतला आणि हाताच्या सवयीने त्यांच्या कपावर बशी झाकली. ते समोरच बसले होते, गुडघ्याला गुडघा लागेल इतके समोर. त्यांनी बशी उचलली, घोट घेतला आणि जीभ भाजली.

"फुंकून प्यायचा की हो."

"तुझा चहा इतका गरम असतो, मला काय माहीत!"

बाईंना हसू आलं. बशी विसळायला त्या सिंककडे वळल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "सोमवारपासून ड्यूटी आहे माझी."

"हो," पद्माकरराव म्हणाले.

पुन्हा विचारायचं नाही, हे त्यांनी ठरवलं. उतार एकदम काढता येत नाही, थोडा थोडा द्यावा लागतो, हे गटारांनी शिकवलं होतं. सोमवारची रात्र संपून ती घरी येईल, तेव्हा आंघोळ थोडी पुढे ढकलायची आणि चहा गरम असतानाच तिच्यासमोर बसून प्यायचा. भाजलेली जीभ दातांवर फिरवत त्यांनी किल्ली फिरवली.