कच्च्या शिलाईतली सहल

मास्तरांची पहिली भेट झाली तेव्हा मी नमस्काराला हात जोडायला गेलो, आणि हात एकमेकांना भेटायच्या आत माझ्या छातीभोवती टेप पडली. "अडतीस. श्वास सोडा. साडेछत्तीस. फुगवू नका साहेब, कोट तुम्हाला घालायचाय, शेजाऱ्यांना नाही." मी फक्त पत्ता विचारायला आत शिरलो होतो. अर्ध्या तासाने बाहेर पडलो तेव्हा माझ्या देहाबद्दल या शिंप्याला माझ्या आईपेक्षा जास्त माहिती होती. पत्ता मात्र त्यांना ठाऊक नव्हता.

कच्च्या शिलाईत ट्रायल घेतल्याशिवाय मास्तरांनी तीस वर्षांत एकही कपडा दुकानाबाहेर जाऊ दिला नव्हता. पुढे आमची दोस्ती जमली; पण मासे धरायलाही ते ट्रायलशिवाय जाणार नाहीत हे मला आधी कळलं असतं, तर त्यांच्या सहलीला मी हो म्हणालोच नसतो.

त्यांचा थोरला भाऊ, म्हणजे दादा, निवृत्त पोस्टमन. त्याची नजर जात चालली होती. डॉक्टर म्हणाले, जेमतेम वर्ष. गळाच्या दोरीवरचं लाल बूच पाण्यात दिसतंय तोवर, याच पानगळीत, तळ्यांच्या मुलखात दोघा भावांनी एक दिवस काढायचा, लहानपणी काढायचे तसा. वल्ही मारायला मी. थंडी पडली की होडीवाला होड्या काठावर पालथ्या घालतो, म्हणून हातात पाचच रविवार.

पहिला रविवार दादाच्या मासे धरायच्या कोटाच्या मापांत गेला. "उभ्या माणसाचा कोट होडीत पोटाशी गोळा होतो," म्हणून दादाला कापायच्या टेबलावर पाय पसरून बसवलं.

दुसऱ्या रविवारी ट्रायल. टेबल म्हणजे होडी, पडद्याची काठी म्हणजे गळ, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला मासा म्हणून मी.

"असा ओढतो होय मासा?" मास्तर खेकसले.

"मला अनुभव नाही हो माशाचा!"

"दादा, हात वर कर. बघ, काखेत धरतोय. उसवावा लागणार."

"अरे धाकट्या, मासा काखेत येत नाही," दादा म्हणाला.

कोटाबरोबर बेतही उसवला. मोठं तळं नको, तिथे वारा. लहान नको, तिथे गाळ. तपकिरी कागदावर खडूने तळी काढली, आणि सवयीने प्रत्येक काठाला, शिलाईसाठी सोडतात तशी, बोटभर माया सोडली. तिसऱ्या रविवारी कोटाला बारा खिसे होते, चौथ्या रविवारी चौदा. माझं डोकं फिरलं.

"मास्तर, हा कपडा नाही, तळं आहे!"

"म्हणूनच सांगतो. कपडा बिघडला तर दुसरा शिवून देता येतो."

मी पुन्हा मासा होऊन दोरीचं टोक धरलं.

पाचव्या रविवारी सकाळी दादा आणि वहिनी डबा, पिशवी, गळ घेऊन दुकानात हजर. मास्तर माझ्याही अंगावर एक कोट चढवून टाचण्या लावत होते; वल्हं मारताना बाह्या आखडतात म्हणे. मी हात पसरून बुजगावण्यासारखा उभा.

"बस दहा मिनिटांत आहे. चल," दादा म्हणाला.

"दोन काजं राहिलीत, दादा. पुढच्या रविवारी नक्की. होडीवाल्याला मी फोन करतो, थांबेल तो."

"तो थांबेल रे. माझे डोळे थांबायला हवेत ना."

मास्तर तोंडातल्या टाचण्यांतून काहीतरी पुटपुटले आणि पुन्हा माझ्या बाहीकडे वळले. दादाने कच्च्या शिलाईचाच कोट अंगात घातला.

"आणि होडी कोण चालवणार?" मास्तरांनी वर न बघता विचारलं.

"मी," वहिनी म्हणाल्या. "चाळीस वर्षं यांचीच तर वल्हवतेय."

ती दोघं गेली. मी मागे धावणार होतो, पण हलल्यावर बरगडीत तीन टाचण्या एकदम घुसल्या.

संध्याकाळी दादा दोन मासे घेऊन आला. मास्तरांनी माशांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"काखेत धरला का?"

"नाही धरला."

होडीवाल्याने त्याच आठवड्यात होड्या पालथ्या घातल्या. पुढच्या पानगळीपर्यंत दादाला बूच दिसेनासं झालं. दोघे भाऊ तळ्यावर कधी गेले नाहीत.