आठ मिनिटं घरात

"आवो टीचर, तुमी बाकड्यावर बसा बघू गप. माज्या खांद्यावरनं वाकून बघितल्यानं गाडी बरी हुती व्हय?"

"तीन तास बसलेय, बोन्सू. एवढ्या वेळात चौथीच्या पोरानं उलटे पाढे म्हटले असते."

"मग चौथीच्या पोराकडंच न्यायची हुती."

बोलला खरा, पण बोन्सू मामाचा आवाज कोरडा पडला होता. माझं गाड्यांची सीटं शिवायचं दुकान त्याच्या शेडला चिकटून. बावीस वर्षं हा आवाज ऐकतोय मी. सुआमे मॅगझिन म्हणजे कुमासीतली गॅरेजांची वस्ती; तिथल्या आमच्या ओळीत लहानथोर सगळे त्याला मामाच म्हणतात, आणि मामाचा आवाज बदलला की माझं मशीन आपोआप थांबतं.

बिरागो टीचरनं मामाच्या तिन्ही पोरी शिकवल्या. आता तिची दोन्ही मूत्रपिंडं गेलीत. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सहाला कुमासीच्या मोठ्या इस्पितळात रक्त धुवायच्या यंत्रावर तिचा नंबर असतो. उशीर झाला की खुर्ची दुसऱ्याला. तिच्या गावातनं पहाटे चारला एकही ट्रोट्रो, म्हणजे वडापची गाडी, सुटत नाही, म्हणून ती ही एकवीस वर्षांची राखाडी गाडी स्वतः हाकत येते. मंगळवारी गाडीनं चढावर मान टाकली. पाय दाबला तरी ओढेना, समोर पिवळा दिवा. पोचेपर्यंत निम्मी पाळी गेली. त्या दिवसापासून तिचे पाय सुजून चपलेत मावत नव्हते. पाणी मोजून प्यायचं, म्हणून बर्फाचा खडा फडक्यात बांधून ती ओठाला लावत होती.

आज गुरुवार होता.

मामा चौदाव्या वर्षी मॅम्पोंगकडच्या खेड्यातनं आला, सात वर्षं उस्तादाच्या शिव्या खाल्ल्या आणि कार्बोरेटर शिकला. शेडवर पाटी आहे, 'बोन्सू, कार्बोरेटरचा डॉक्टर'. खराट्याचा हीर घालून तो जेट, म्हणजे पेट्रोलचं बारकं भोक, साफ करतो, धुराचा वास घेऊन सांगतो की गाडी उपाशी आहे का जास्त प्यालीय. पण गाड्या बदलल्या. इंजिनाच्या नाकपुडीत एक चकती असते, पूर्वी ती पायाच्या तारेनं उघडायची. आता तारच नाही. पाय दाबला की संगणकाला कळतं, संगणक एका बारक्या मोटरला सांगतो, मग चकती उघडते. त्या सगळ्या डब्याला लोक थ्रॉटल म्हणतात, मामा नाकाड म्हणतो. टीचरच्या गाडीच्या नाकाडातले दाते झिजून गेले होते.

सगळं मॅगझिन पालथं घातलं तेव्हा त्या गाडीचं एकच नाकाड हाती लागलं, परदेशात मोडीत निघालेल्या गाडीतलं. विकणाऱ्यानं त्यावर खुणेला लाल नखपॉलिशचा ठिपका मारला. बोल्ट आवळला की माल तुझा, परत घेणे नाही. आमच्याकडं सगळ्यांचाच तसा रिवाज.

मामानं काम झकास केलं. पाण्याचे दोन पाइप चिमटले, चार बोल्ट काढले, जुनं पॅकिंग खरवडून तोंड आरशासारखं केलं. नवं बसवलं. मग किल्ली चालू करून चकती बोटानं ढकलून बघितली, कार्बोरेटरची सवय. आणि इंजिन सुरू करून दणकून रेस केली.

रेस करावीच लागते आमच्यात. काम संपलं की गाडी डरकाळी फोडणार, आणि ओळीतले सगळे पत्र्यावर पाने बडवणार. मीही कात्री बडवली.

मामानं पाय काढला. इंजिन एका लयीत ठरेना. वर चढे, धपकन पडे, मरायला टेके, परत वर. पिवळा दिवा पुन्हा लागला. पाने बडवायचे थांबले.

त्यानं बंद करून परत लावलं. तीनदा.

"बोन्सू, असंच असतं का हे?"

"व्हय टीचर. बसतंय जरा."

खोटं बोलताना मामा माणसाकडं बघत नाही. माझ्याकडं आला, खाली बसला, एक धागा उचलून बोटाला गुंडाळत राहिला.

"नाकाड मेलं रं माज्या हातानं. दुसरं न्हाय कुठं."

"डुफीला आणू?"

डुफी ओळीच्या टोकाला वायरिंग करते. पस्तिशीची बाई, हातात बारका संगणक. मामा तिला टीव्हीवाली म्हणतो. दोन महिने दोघांचं बोलणं नव्हतं.

"तिच्या पाया पडू आता?"

तिकडं टीचर सुजलेला पाय चपलेत कोंबायला बघत होती. मामानंही बघितलं.

"जा. पर म्या बोलावलंय म्हणू नगंस."

"मग कुणी बोलावलंय म्हणू?"

"म्याच म्हण, जा."

डुफी आली ती हसतच. "काय मामा, टीव्ही बघायचाय म्हणं?"

तिनं स्टिअरिंगखाली वायर खुपसली, आकडे वाचले, हसू गेलं.

"बोट घातलं व्हतं?"

"कशात?"

"मामा."

"जरासं."

"किल्ली चालू असताना?"

मामा जमिनीवरचं तेल बघायला लागला.

"आन वर रेस?"

"ती तर करायचीच असती. मोडलंय का त्ये सांग, टोमणे मागनं मार."

"दाते शाबूत दिसत्यात. पर बाकीचं आत्ताच न्हाय सांगता यायचं. चकती मिटली म्हंजी कुठंपतुर, ह्ये संगणकाला आजून कळलंच न्हाय. मामा, तुमच्या नातीला आठ दिस घरात ठिवलं व्हतं का न्हाय?"

"व्हतं की. आठव्या दिशी भाईर काढली, नाव ठिवलं. तवर पोर पाव्हणंच असतंय."

"मग ह्या पाव्हण्याला जलमल्या जलमल्या चौकात नेऊन ढोल बडवलासा तुमी."

बाकड्यावर टीचर खळखळून हसली, आणि हसता हसता थांबली. "आठ दिवस? अगं, मला उद्या सहाला..."

"आठ मिन्टं, टीचर. फार तर धा."

आधी बॅटरीची वायर जरा वेळ काढून ठेवली, संगणकानं जुनं विसरावं म्हणून. परत जोडली. डुफीनं मामाला गाडीत बसवलं. "किल्ली फिरवा. चालू करायची न्हाय. पाय भाईर."

मामा दारातनं दोन्ही पाय बाहेर सोडून आडवा बसला, हात मांड्यांत दाबून. कुणी येऊन विचारायचं, झालं का, तर मी त्याला हाकलायचो. टीचरचा बर्फ वितळून फडकं टपकत होतं, तिचं लक्ष नव्हतं.

"मला मुताय जायचंय," मामा म्हणाला.

"बसा."

बॉनेटखाली टिक झालं, चकती आपोआप मिटली. मग परत टिक. डुफीनं मान हलवली.

"आता लावा. पाय भाईरच."

इंजिन उचललं, वर गेलं. मामानं डोळे मिटले. खाली आलं, डळमळलं, पुन्हा थोडं वर. त्याचा उजवा पाय मातीत आपला आपण दाबला जात होता, नसलेल्या पेडलवर. आठ मिनिटांत आवाज हळूहळू उतरत गेला, इतका की मागच्या गल्लीतली मक्याची गिरणी ऐकू यायला लागली. दिवा गेला होता.

मामानं टीचरला शेजारी बसवून गाडी चढावर नेली आणि आणली. कुणी पाना बडवला नाही. टीचर गेली तरी तो वळणाकडं कान देऊन उभा.

"टिकंल न्हवं?" त्यानं डुफीला विचारलं.

"टिकंल वाटतंय."

"वाटतंय म्हंजी?"

"म्हंजी वाटतंय, मामा."

शुक्रवारी मी पावणेसहाला आलो तर मामा आधीच शेडमध्ये. फोन हत्यारांच्या पेटीवर ठेवलेला, पुढ्यात गिरणीच्या इंजिनाचं कार्बोरेटर, हात लावलेला नाही. सहा झाले. सहा पाच. सहा बाराला फोन वाजला, आणि बटण दाबता दाबता मामाच्या हातून निसटून खाली पडला. टीचरचा आवाज मला इथवर आला.

"खुर्चीत आहे मी. सुई टोचलीय. गाडी मुकाट आली. आता तू तुझं काम कर, बोन्सू."

"बरं," मामा म्हणाला.

फोन खिशात टाकला, खराट्यातनं एक हीर उपसला, जेटात घातला आणि उजेडाकडं धरून एक डोळा मिटला.

"बघत काय बसलायस," तो मला म्हणाला. "शिव की."