पिवळी न पडलेली काच

जुन्या प्रयोगशाळेची आता बैठकांची खोली झाली आहे. निवृत्तीनंतर कधी त्या इमारतीत जाणं झालं, की ताई दाराशी रेंगाळतात. खिडकीखाली घाईसाहेबांचं टेबल असायचं. नाव ताईंनीच ठेवलेलं. या सहकाऱ्याला प्रत्येक गोष्ट कालच झालेली हवी असायची.

दोघं पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकी पदार्थाचे, उन्हापासून वीज काढणारे सौरघट बनवायचे. काचेवर द्रावणाचा थेंब टाकून ती गरगर फिरवायची, मग तापवायची. बघता बघता काचेवर गडद तपकिरी थर चढायचा. वीज झकास निघायची. पण ओलाव्याने थर पिवळा पडला, की सगळं मुसळ केरात!

ताईंनी मग थराच्या पृष्ठभागावर बसणारा एक रेणू घडवला. तो एका टोकाने थराला घट्ट धरायचा आणि त्याची लांब शेपटी पाण्याला जवळ फिरकू द्यायची नाही. पाणी अडलं, पण वीजही अडली.

“ताई, तुमच्या घराला दारच नाही!” घाईसाहेब वैतागले.

“आणि तुमच्या घराला भिंती नाहीत,” ताईंनी ठणकावलं.

घाईसाहेबांनी घडवलेल्या आखूड शेपटीच्या रेणूतून वीज सुरेख वाहायची, घट मात्र लगेच मान टाकायचा. वाद इतका पेटला की दोघांनी अबोला धरला.

तेवढ्यात घाईसाहेब आजारी पडले. ताई फळं घेऊन दवाखान्यात गेल्या. अबोला मोडत घाईसाहेबच हळूच म्हणाले, “दोन्ही रेणू मिसळून बघायचे का? माझे जास्त, तुमचे अधूनमधून.”

“हे आधी सुचलं नाही का?”

“भांडण्यातून सवड कुठे होती!”

ताईंनी मिश्रण लावलं. आखूड रेणूंमधून वीज वाहिली, लांब शेपट्यांनी पाणी थोपवलं. घट गच्चीवर ठेवले. पावसाळा सरला, तरी काच तपकिरीच.

आजाराने खचलेल्या घाईसाहेबांना जिना चढवेना. सहकाऱ्यांनी त्यांना खुर्चीत बसवून उचलून वर नेलं. ऊन उतरेपर्यंत ते त्या काचेकडे बघत बसले. ताईंनी “निघायचं का?” विचारलं, तर म्हणाले, “थांबा हो, काय घाई आहे?” ताईंचे डोळे भरून आले.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. त्या मिश्रणावर नंतर इतरांनी काम केलं, घट आणखी सुधारले. ताई कौतुकाने ऐकायच्या. पण इतक्या हक्काने त्यांच्याशी भांडणारं पुन्हा कुणी भेटलं नाही.