स्कीला चार भोकं जास्त

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मधे हसलात तर मला पुढचं सांगवणार नाही. माझ्या उजव्या स्कीला चार भोकं जास्त आहेत. ती चारही मी पाडली. तीही संक्रांतीच्या दिवशी, बाबांवर ओरडत ओरडत!

आता जबलपुरात स्की कशाला, असं विचारू नका. इथे पांढरंशुभ्र काही असेल तर ते भेडाघाटचे खडक, हे मलाही ठाऊक आहे. पण माझी उत्तराखंडातल्या एका स्की कॅम्पला निवड झाली होती. पायाला पट्ट्या लावून आधी डोंगर चढायचा, मग घसरत उतरायचं. नियम एकच, पण कडक. सामान स्वतःचं आणायचं, पहिल्याच दिवशी तपासणी, आणि बूट स्कीवर पक्का बसला नाही तर घरी परत. माझी गाडी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळची होती.

स्की एका सीनियरकडून जुन्या घेतलेल्या. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीवर धरून ठेवणारी यंत्रणा, कुरिअरने सुटी आली. तीही हायब्रिड! पुढे दोन पिना, बुटाच्या नाकाला दोन्हीकडून चिमटीत धरणाऱ्या. मागे दणकट खटका. चढताना टाच मोकळी, उतरताना टाच बंद. ती बसवायची तर स्कीला भोकं पाडायची. एकदा चुकलं की चुकलं.

माझे बाबा तोफांच्या फॅक्टरीतून फिटर म्हणून रिटायर झालेले. त्यांनी कागदाचा साचा कापला, खुणा केल्या, भोक जास्त खोल जाऊ नये म्हणून ड्रिलच्या बिटला टेप गुंडाळली, चष्मा पुसला, पुन्हा खुणा तपासल्या. तीन तास! तेवढ्यात कोणी दुसऱ्यांदा रिटायर झालं असतं.

"बाबा, होऊन राहिलं का काही?"

"तोफ असो का तुही फळी, माप दोनदा घ्यावं लागते."

मी बूट हातात घेऊन पायरीवर ताटकळत बसलेली. आईने तिळाचे लाडू आणून दिले. पाक पुढे गेलेला. ते लाडू फॅक्टरीत सहज खपले असते, तोफगोळ्यांच्या खात्यात. दाताने फुटेना, तेव्हा मी एक पायरीवर ठेवला, ठोकून फोडला आणि खाल्ला. हे विसरून जा. मीसुद्धा विसरले होते.

शेवटी बाबांनी स्क्रू पिळले. डावा बूट टेकवला, खट्! बसला. उजवा टेकवला, पिना मिटल्या, मी बूट जरा हलवला आणि तो टुणकन बाहेर! पुन्हा लावला, पुन्हा बाहेर.

"बूट बदलून पाह्य," बाबा म्हणाले. "उजवा डाव्या पट्टीवर लाव."

"बाबा, उजवा उजवा असतो!"

"अवं, पण पाहाले काय जाते?"

"ही तोफ नाहीये, बाबा! तुमची खूण चुकली, मान्य करा ना!"

इतक्यात वरच्या मजल्यावरचे बोंडेकाका, बाबांचे फॅक्टरीतले दोस्त, तिळगूळ द्यायला आले. "काहून भांडून राहिले सणाच्या दिवशी? अरे भाऊ, सराफ्यात दाखवा. तिथला कारागीर गुंजभर चूक पकडते."

"काका, ही नथ नाहीये!"

काका बाबांकडे वळले. "बर्फात पाठवून राहिले ना हिला? चलो, अच्छा है. थंड तरी होईन."

माझं डोकंच फिरलं. बाइंडिंगचं माहितीपत्रक मी छापून आणलं होतं. पहिलं पान सोडलं, तिथे काहीतरी साफसफाईचं होतं, माझ्यासारख्या शिकलेल्या मुलीला ते कशाला? थेट शेवटाकडे गेले, मापातल्या चुकांकडे. निदान झालं! पुढचा भाग एक सेंटीमीटर पुढे बसलाय.

"माप बरोबर आहे," बाबा म्हणाले.

मी ड्रिल उचललं. घर्रर्र! चार नवी भोकं, एक सेंटीमीटर मागे. बाबांनी चष्मा काढला आणि खिशात ठेवला.

पुढचा भाग नव्या भोकांवर कसला, मागचा सरकवून जुळवला. बूट टेकवला. हलवला.

टुणकन!

आता मात्र मी मटकन खाली बसले. तपासणी, सगळ्यांसमोर परत पाठवणं, सगळं डोळ्यांसमोर आलं. रडू फुटायचंच बाकी होतं.

बाबांनी चष्मा परत लावला. उजवा बूट उचलून डाव्या स्कीवर टेकवला. टुणकन! डावा उजव्या स्कीवर टेकवला. खट्! बसला.

म्हणजे स्की बरोबर होती. खुणा बरोबर होत्या. सकाळपासून सगळंच बरोबर होतं, एक बूट सोडून.

बाबांनी दाभण मागितला. बुटाच्या नाकाशी पिना शिरायची दोन बारीक छिद्रं असतात, त्यातल्या एकात टोचून फिरवला. दाभणाच्या टोकावर बाहेर आला सोनेरी, चिकट, कडक गुळाचा खडा. त्यात दोन तीळ.

"लाडू कशानं फोडला होता वं?"

मी बुटाकडे पाहिलं. बुटाने माझ्याकडे पाहिलं.

माहितीपत्रकाचं पहिलं पान, पहिली ओळ: बुटाची छिद्रं स्वच्छ आहेत का ते आधी पाहा.

बाबा रागावले नाहीत. तेच तर वाईट! त्यांनी ताटलीतला एक लाडू उचलून माझ्या हातावर ठेवला. "घे. अन् आता गोड बोल."

मी आख्खा लाडू तोंडात कोंबला. फुटतो कुठला! वीस मिनिटं मला एक शब्द बोलता आला नाही. तेवढ्या वेळात बाबांनी चारही जास्तीच्या भोकांत गोंद भरला, बूट साफ केला, दोन्ही स्की तपासल्या, आणि बोंडेकाकांचा चहासुद्धा झाला.

आई दारात येऊन म्हणाली, "अहो, यंदा पाक पुढे गेला का?"

"बिलकुल नाही," बाबा म्हणाले. "दरवर्षी असाच करत जा."