आसारी धरणारी

पतंगांचा इतिहास शोधण्यात शेवटची वर्षं घालवलेल्या वत्सला मावशींनी आयुष्यात एकदाही पतंग उडवला नाही.

आज संक्रांत. मावशींना जाऊन दीड महिना झाला.

अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलमध्ये बरेच जण त्यांना 'समीरची आई' म्हणूनच ओळखत. जन्म येवल्याचा. नाशिकला शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेल्या. काका गेले आणि २००१ मध्ये त्या मुलाकडे इथे आल्या.

येवल्यात संक्रांतीला तीन दिवस अख्खं गाव गच्चीवर असतं. दोरा गुंडाळायच्या लाकडी चक्रीला तिथे आसारी म्हणतात. मावशींचा थोरला भाऊ नाना पतंग उडवायचा आणि मावशी त्याच्या मागे आसारी धरून उभ्या राहायच्या. त्याने ढील मागितली की दोरा सोडायचा, 'गुंडाळ' म्हटलं की गुंडाळायचा.

नजर कायम आसारीवर. वर बघितलं की गुंता झालाच म्हणून समजा.

लढत कोण जिंकलं, हे त्यांना गच्चीवरच्या आरड्याओरड्यावरून कळायचं.

नाना दर वर्षी म्हणायचा, "वच्छे, पुढच्या वर्षी तू उडव. मी आसारी धरतो."

मग मावशींचं लग्न झालं.

इथे आल्यावर समीर ऑफिसला जाताना त्यांना युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत ड्रॉप करायचा. एम.एस. करणारी आपली मुलं पुस्तकं शोधून द्यायची. जुन्या चित्रांची मोठाली पुस्तकं उघडून मावशी भिंग घेऊन बसायच्या. माडीवर पतंग उडवणाऱ्या राजकन्या, नवाब, त्यांचे दागिने.

मावशी त्यांच्याकडे बघायच्याच नाहीत. भिंग सरळ मागे उभ्या असलेल्या बाईवर.

"पतंग कुठून कुठे गेला हे सगळ्यांनी लिहिलंय गं. आसारी कोणी धरली, ते कोणी विचारत नाही."

एका म्युझियमच्या पुस्तकात अशाच एका चित्राखाली 'सूत कातणारी दासी' असं छापलं होतं. मावशींनी त्यांना इंग्रजीत ईमेल लिहिला. मी पूर्वी पुण्यात पेपरात सब-एडिटर होते, म्हणून तो तपासायला माझ्याकडे आला. त्यातलं एक वाक्य मी तसंच ठेवलं: ही बाई सूत कातत नाही, ढील देते आहे, तिच्या अंगठ्याकडे पाहा.

बऱ्याच महिन्यांनी उत्तर आलं. त्यांनी ओळ बदलली होती. मावशींनी त्या दिवशी शिरा केला.

त्यांच्या पुस्तकाचं एडिटिंगही मीच करत होते. H-4 व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, त्यामुळे वेळच वेळ होता. पण डेडलाइनची सवय काही जात नाही. मी मागे लागायचे, मावशी, शेवटचं प्रकरण कधी देताय?

"येवल्याहून आल्यावर."

शेवटचं प्रकरण दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाबद्दल होतं. पतंग उडवणाऱ्याच्या हाताला काय कळतं, त्याबद्दल. ते ऐकीव लिहायचं नाही, हा त्यांचा हट्ट.

एकदा आम्ही सगळे समुद्रावर गेलो होतो. भरपूर वारा. समीरच्या मुलीने, ईशाने, दुकानातला प्लॅस्टिकचा पतंग वर नेला आणि दोरा आजीच्या हातात द्यायला गेली.

मावशींनी हात मागे घेतले.

"आजी, जस्ट फ्लाय इट ना!"

"नको बाळा. माझा पहिला पतंग येवल्यात. नाना आसारी धरणार आहे." आणि ईशाच्या हातातलं रीळ घेऊन त्या तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. मान खाली. तशाच स्थितीत सांगत होत्या, आता डावीकडे झुकला, आता गोता खाणार, सोड.

प्रत्येक वेळी बरोबर.

आम्ही म्हटलं, मावशी, कमाल आहे. त्या म्हणाल्या, कमाल कसली, दुसरं काही बघायला होतं का तेव्हा?

येवल्याला जायचं दर वर्षी ठरायचं. एकदा ग्रीन कार्डचे पेपर अडकले, एकदा समीरचा प्रोजेक्ट, मग मावशींचं खुब्याचं फ्रॅक्चर. संक्रांतीला सकाळी इथे अजून उजाडायचं असे, तेव्हा नाना फोन लावायचे आणि रिसीव्हर गच्चीच्या कठड्यावर ठेवून द्यायचे. मावशी किचनमध्ये फोन कानाला लावून बसायच्या. हलगी, लाउडस्पीकर, आरडाओरडा. बोलायचं काहीच नाही. कधीतरी मध्येच म्हणायच्या, "आपला कटला."

या संक्रांतीचं तिकीट काढलेलं होतं. बॅगेत नानांसाठी स्वेटर घेऊन ठेवला होता.

हार्ट अटॅक. सकाळी पूजा करताना.

ते तिकीट समीरला कॅन्सल करवेना. शेवटी मी एअरलाइनला फोन केला. पलीकडच्या मुलीने कारण विचारलं, मी सांगितलं. ती सॉरी म्हणाली.

आज सकाळी फोन वाजला. नाना. समीरने नंबर दिला होता. मला वाटलं, ते यंदाही रिसीव्हर कठड्यावर ठेवतील. म्हणून मी फोन कानाला लावून बसले, पण ते बोलायला लागले.

यंदा त्यांनी पतंग उडवलाच नाही. सुनेला उडवायला लावला. ती नको म्हणत होती, घरात बायकांनी कधी उडवलेला नाही म्हणाली. त्यांनी ऐकलं नाही. ते तिच्या मागे आसारी घेऊन उभे राहिले. सकाळपासून दुपारपर्यंत.

मागून तीच हलगी ऐकू येत होती.

"ताई, लई अवघड असतं हो," नाना म्हणाले. "वर बघताच येत नाही."

मग म्हणाले, "एवढी वर्षं ती बोलली नाही कधी."

दिवसभर लिहायला बसते आहे. शेवटचं प्रकरण मी लिहिणार नाही. पुस्तक त्याच्याशिवाय छापायला जाईल. शेवटच्या पानावर नानांचं 'वर बघताच येत नाही' हे वाक्य ठेवीन, समीर हो म्हणाला आहे.

वत्सला मावशी, नानांनी आसारी धरली आहे.

आता वर बघा.